पाकातले पीच

खुर्च्या मी चाळीस मांडल्या होत्या.
माणसं आली अकरा,
त्यातलं एक हीटरपुरतं –
म्हातारा बर्ग. रोज येतो,
मासिक उलटं धरून झोपतो.
बाहेर उणे बावीस.
बीटच्या साखर कारखान्याची वाफ
खांबासारखी उभी, हलायचं नाव नाही.

प्रकाशकाच्या यादीत डेन्व्हर, सिअ‍ॅटल, पोर्टलंड
आणि तळाला, पेनाने लिहिलेलं, आमचं मोंटानातलं गाव.
चूक असेल म्हणून मी फोनही केला होता.

वेंडेल क्राट्झ. पहिलीच कादंबरी.
नव्या कोटाचे खिसे अजून शिवलेले,
हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

वाचलं त्याने बरं.
परतलेल्या शिपायांची गोष्ट:
विमानतळावर बँड, झेंडे, केक,
आणि मग मंगळवार.
मग पुढचा मंगळवार.
एकजण बायकोला उठवतो
लांब उभं राहून, पायाचा अंगठा धरून,
तिकडे पहाऱ्यासाठी उठवायचे तसं.
एकजण स्वतःचं गवत कापून झाल्यावर शेजाऱ्याचं कापतो,
मग त्याच्या शेजाऱ्याचं,
पेट्रोल संपेपर्यंत.
आणि एक परततच नाही. हॅस्केल.
पान एकशे बारा: आदल्या रात्री तो चाकूने पीचचा डबा फोडतो,
पाक पिऊन टाकतो, म्हणतो, घरची चव.

प्रश्न नेहमीचेच. किती वर्षं लागली? नऊ.

मग लोर्ना हॉफ्लँड उठली.
शाळेची बस चालवते. हे पुस्तक तिने तीनदा नेलं होतं,
शिक्का मीच मारते.
"हॅस्केल म्हणजे माझा गॅरेट."
"कादंबरी आहे ती, मॅडम."
"ठाऊक आहे. उंच केलास त्याला, चालेल.
डोळे निळे केलेस, तेही चालेल.
पण गॅरेटला पीच चालत नसत.
सालीवरच्या लवेने काटा यायचा त्याच्या अंगावर, लहानपणापासून.
आणि तिकडून पत्र: आई, पीच पाठव. पाकातले. दर महिन्याला.
मी म्हटलं, पोराची जीभसुद्धा बदलली.
चौदा डबे पाठवले.
तो गेल्यावर वाटत राहिलं,
पुरलं ते कोणाचं पोर?
तर एवढंच सांग. पीच खाल्ले कोणी?"

हीटर कुरकुरला.
बर्ग जागा होता.
क्राट्झचे हात खिशांकडे गेले,
शिवणीवरून घसरले.

"मी," तो म्हणाला.
"माझ्या नावाने काही यायचं नाही.
टपाल वाटायचे तेव्हा मी बूट पुसत बसायचो.
पुसलेलेच.
त्याने एकदा सहज विचारलं, तुला काय आवडतं रे?"

"मग तसं का नाही लिहिलंस?"

"लिहिलं होतं. सात वेळा.
दर वेळी मी खात बसायचो
आणि तो..."

पुढचं त्याने टाकून दिलं.
लोर्ना खाली बसली.
"म्हणजे नव्हती बदलली," म्हणाली,
कुणालाच उद्देशून नाही.

मी खुर्च्या मिटल्या. अडतीस.
दोन तशाच ठेवल्या, कारण त्यांत माणसं होती.
काय बोलत होती ते ऐकलं नाही,
म्हणजे ऐकायचा प्रयत्न केला,
पण हीटर.

पुस्तक सकाळी परतीच्या पेटीत होतं.
एकशे बारावर हॅस्केलचं नाव पेन्सिलीने खोडलेलं,
वर लिहिलेलं: वेंडेल.
अक्षर लोर्नाचं नव्हतं.

पुस्तकात लिहिलं तर तीन डॉलर दंड.
नियम मीच टाइप केलाय, दारावर आहे.
खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे.

"आज कोण येणार?" बर्गने विचारलं.
कोणी नाही, म्हटलं.
तरी तो बसून राहिला, मासिक सुलटं धरून,
दाराकडे बघत.